मराठी अक्षरं फुटली? आधी 'अपडेट'च्या बटणावरून बोट काढा

"होस्टिंग बदललं आणि सगळं मराठी गेलं." या अर्थाचे निरोप मला येतच असतात. कुणाचा ट्रेकचा ब्लॉग असतो, कुणाच्या दिवाळी अंकाची साइट असते, कुणी आईच्या पाककृती वर्षानुवर्षं टाइप करून ठेवलेल्या असतात. माझा पहिला प्रश्न ठरलेला: गेलं म्हणजे दिसतंय काय? चौकोन, प्रश्नचिन्हं, की रोमन चिन्हांचा चिवडा? बहुतेकांचं उत्तर असतं, "काहीतरी भलतंच दिसतंय." पण खरी मेख त्या 'भलत्या'तच आहे. वरवर एकच वाटणाऱ्या या तक्रारीची कारणं वेगवेगळी असतात. एका कारणावरचा उपाय दुसऱ्यावर केला, तर जे वाचलं असतं तेही हातचं जातं.

खालचं सगळं मुख्यतः वर्डप्रेसला धरून लिहिलंय. ब्लॉगर वापरत असाल, तर डेटाबेस, म्हणजे लेखांचा मजकूर जिथे साठतो ते कोठार, तुमच्या हातात नसतोच. तुमच्यासाठी तपासणी पाचपर्यंतचा भाग पुरेसा आहे.

कशालाही हात लावण्याआधी

फुटलेला लेख एडिटरमध्ये उघडून 'अपडेट' दाबू नका. बऱ्याचदा डेटाबेसमधला मूळ मजकूर शाबूत असतो, फक्त वाचणारा चुकीच्या पद्धतीने वाचत असतो. 'अपडेट' दाबलंत की तो चुकीचा वाचलेला मजकूरच खरा म्हणून साठवला जातो, आणि साध्या बिघाडाचा दुहेरी बिघाड होतो.

मोडक्या अवस्थेतल्या साइटचाही पूर्ण बॅकअप घ्या, डेटाबेससकट. "बिघडलेल्याचा बॅकअप कशाला?" असं लोक विचारतात. दुरुस्ती फसली, तर निदान आज आहोत तिथे परत येता यावं म्हणून.

जुन्या होस्टिंगचं खातं अजून चालू असेल, तर ते बंद करू नका. हजार-दोन हजार वाचवायला लोक ते सगळ्यात आधी बंद करतात आणि मग पुढची सगळी वाट खडतर होते.

आणि निकाल लागेपर्यंत नवा लेख टाकू नका. याचं कारण शेवटच्या तपासणीत कळेल.

लक्षणं: काय दिसतंय ते नीट बघा

रिकामे चौकोन. अक्षर शाबूत आहे, पण ते दाखवायला फॉन्ट नाही. सगळ्यांत निरुपद्रवी प्रकार. गूगलच्या 'नोटो' फॉन्टचं नाव याच चौकोनांवरून पडलंय: त्यांना 'टोफू' म्हणतात, आणि 'नो टोफू'चं झालं 'नोटो'.

रोमन चिन्हांचा चिवडा. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', त्याच्यामागे चारी कोपऱ्यांतून काड्या निघालेलं छोटं वर्तुळ किंवा जपानी येनचं चिन्ह, आणि मग तिसरं काहीतरी. हे त्रिकूट पुन्हा पुन्हा येत राहतं. 'मराठी' हा शब्द असा फुटला, की त्या तिसऱ्या जागी क्रमाने दिसतात: वर्तुळातला 'आर', म्हणजे नोंदणीकृत ट्रेडमार्कची खूण, मग अंशाचं चिन्ह, मग पाऊण, मग नुसती मोकळी जागा, आणि शेवटी युरो. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या साठवण्याच्या आजच्या रूढ पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट (साठवणुकीची छोटी एककं) घेतं, मग ते अक्षर असो की मात्रा. म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी ही पाच चिन्हं म्हणजे पंधरा बाइट. वाचणाऱ्याने ते तिनाच्या गटाने न वाचता एकेक करून पश्चिम युरोपीय चिन्हं म्हणून वाचले, म्हणून पाचाची पंधरा चिन्हं झाली. दिसायला भयंकर असलं, तरी यात मजकूर जिवंत असतो. हे दिसलं की मी निश्चिंत होते.

साधी प्रश्नचिन्हं. 'मराठी'च्या जागी ओळीने पाच प्रश्नचिन्हं. दिसायला हे चिवड्यापेक्षा स्वच्छ असतं, पण सगळ्यांत वाईट हेच. लॅटिन-१ या, फक्त पश्चिम युरोपीय अक्षरांसाठीच्या जुन्या प्रकारच्या रकान्यात देवनागरी चिन्ह बसत नाही म्हणून डेटाबेसने प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहून टाकलेलं असतं. मूळ अक्षर कोणतं होतं, याची कुठेही नोंद उरत नाही. मात्र एक आशा असते: कधीकधी साठवलेलं ठीक असतं आणि वाचून पानावर आणताना प्रश्नचिन्हं होतात. ते तपासणी सातमध्ये कळेल.

काळ्या शंकरपाळ्यातलं प्रश्नचिन्ह. हे बहुधा एखाद-दुसरंच दिसतं, तेही लेखाच्या सारांशाच्या किंवा शीर्षकाच्या टोकाला. एखादी थीम किंवा प्लगइन 'पहिले १६० बाइट' असं मोजून मजकूर कापतं आणि तीन बाइटच्या चिन्हाच्या मधोमध सुरी चालते. १६० ला तिनाने भाग जात नाही, हे प्लगइन लिहिणाऱ्याला कशाला आठवेल? प्लगइनची नवी आवृत्ती घ्या, नाहीतर सारांश हाताने लिहा. डेटाबेसच्या वाटेला जायचं कारण नाही.

टिंबांच्या वर्तुळावर बसलेली मात्रा. मात्रेला धरायला अक्षरच मिळालं नाही. टायपिंगमध्ये मात्रा आधी पडली, किंवा अक्षर आणि मात्रेच्या मध्ये एखादं अदृश्य चिन्ह घुसलं. तेवढा शब्द पुसून नव्याने टाइप करा.

धड रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं, अर्थ शून्य. हा एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीचा, बिघाडच नव्हे. मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधून आलाय. तपासणी तीन बघा.

लेख मध्येच तुटतो. व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या लेखात हात जोडलेला इमोजी आहे आणि त्याच्यापुढचं सगळं गायब. मायएसक्यूएलमध्ये, म्हणजे वर्डप्रेसचा डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये, 'यूटीएफ८' नावाचा जो जुना प्रकार आहे, तो एका चिन्हाला तीनच बाइट देतो. देवनागरी त्यात बसते, इमोजीला मात्र चार बाइट लागतात. तिथेच डेटाबेस थांबतो आणि पुढचं टाकून देतो. चार बाइटवाला 'यूटीएफ८एमबी४' हा प्रकार मायएसक्यूएलमध्ये २०१० साली आला आणि वर्डप्रेसने तो २०१५ मध्ये, ४.२ आवृत्तीपासून स्वीकारला. त्याआधी उभारलेल्या आणि नंतर कुणी हात न लावलेल्या साइटवर हा प्रकार अजून भेटतो.

तपासणी एक: दुसरा फोन

फुकट आणि अर्ध्या मिनिटाची. तेच पान दुसऱ्या फोनवर, मोबाइल डेटावर, खासगी विंडोमध्ये उघडा. तिथे नीट दिसलं तर साइट ठणठणीत आहे. दोष तुमच्या यंत्रातल्या फॉन्टचा किंवा ब्राउझरमध्ये साठलेल्या जुन्या पानाचा. एखाद्या वाचकाने तक्रार केली, म्हणून डेटाबेस उघडून बसलेले लोक मला माहीत आहेत, आणि वाचकाकडे होता एक पुरातन डेस्कटॉप.

कॅशे (पानांच्या तयार प्रती साठवणारा) प्लगइन असेल तर तोही रिकामा करून बघा. दुरुस्ती झाल्यावरही जुनंच फुटकं पान दाखवत राहणं हा त्याचा आवडता उद्योग.

तपासणी दोन: नेमकं कुठे फुटलंय

मेन्यू, विजेट, लेखाचं शीर्षक, मजकूर, प्रतिक्रिया आणि थीममध्ये हाताने लिहिलेले शब्द ('पुढे वाचा', 'शोधा' वगैरे). कागद घ्या आणि काय ठीक आहे, काय फुटलंय ते लिहून काढा. पुढची दिशा इथेच ठरते.

लेख ठीक आणि फक्त 'पुढे वाचा' फुटलेलं: थीमची फाइल चुकीच्या पद्धतीने सेव्ह झाली आहे. सगळंच फुटलेलं, थीमच्या शब्दांसकट: पान ब्राउझरला चुकीचं एन्कोडिंग सांगतंय. लेख आणि प्रतिक्रिया फुटलेल्या, पण थीमचे शब्द ठीक: डेटाबेस. एका ठरावीक तारखेआधीचे लेख फुटलेले आणि नंतरचे ठीक: स्थलांतरात झालेला बिघाड. ती तारीख लिहून ठेवा, पुढे लागेल.

तपासणी तीन: मजकूर आला कुठून

एखादाच लेख बिघडला असेल तर संशय साइटवर घेऊ नका, लेख कुठून आला ते बघा.

जुन्या फॉन्टमधला मजकूर म्हणजे मुळात रोमन अक्षरंच असतात. फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो, फॉन्ट काढला की मूळ अक्षरं उघडी पडतात. छापखान्याकडून आलेला मजकूर अजूनही असाच येतो. यावर उपाय म्हणजे युनिकोड (सगळ्या यंत्रांवर चालणारा अक्षरसंच) कन्व्हर्टर, पण फॉन्टचं नेमकं नाव माहीत हवं, कारण प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. बदललेल्या मजकुरात तीन जागा डोळ्यांत तेल घालून तपासा: पहिली वेलांटी (जुन्या पद्धतीत ती अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठते), रफार आणि ऱ्य-ऱ्ह. पीडीएफमधून कॉपी केलेल्या मराठीच्या नादी तर लागूच नका. लेखकाकडून मूळ फाइल मागवा.

एक्सेल हा दुसरा उगम. सदस्यांची यादी किंवा लेखांची सूची सीएसव्ही फाइलमध्ये असते आणि तिच्यावर डबल-क्लिक केलं जातं. फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची खूण नसेल, तर एक्सेल ती विंडोजच्या जुन्या एन्कोडिंगमध्ये उघडतं आणि चिवडा दिसतो. उलट बाजूने, पडद्यावर नीट दिसणारं मराठी साध्या 'सीएसव्ही' प्रकारात सेव्ह केलं की प्रश्नचिन्हं. म्हणून उघडताना 'डेटा' टॅबमधून 'टेक्स्ट/सीएसव्हीमधून' हा मार्ग घ्या आणि एन्कोडिंगला ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा वेगळा पर्याय आहे, तोच. लिब्रेऑफिस कॅल्क उघडतानाच कॅरॅक्टर सेट विचारतं, त्यामुळे या कामाला मला तेच बरं वाटतं.

तपासणी चार: फॉन्ट आणि थीम

अक्षरं आहेत पण विद्रूप दिसतात, असं असेल तर ही तपासणी. परदेशी थीममध्ये शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. इंग्रजीत ते ऐटबाज दिसतं, मराठीत त्याने शिरोरेखा तुटते. थीमच्या सीएसएसमध्ये ते अंतर शून्य करा. ओळींमधलं अंतर कमी असेल तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. मराठी मजकुराला अक्षराच्या उंचीच्या १.६ पटीच्या आसपास ओळ-उंची द्या.

थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल, तर ब्राउझर यंत्रातला जो सापडेल तो फॉन्ट लावतो: विंडोजवर मंगल किंवा निर्मला, ॲंड्रॉइडवर बहुधा नोटो. प्रत्येक वाचकाला साइट वेगळी दिसते. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्त' किंवा नोटो देवनागरी असा एखादा मोफत वेबफॉन्ट लावलात, की हा विषय संपला.

वर्डप्रेसच्या 'सेटिंग्ज'मध्ये साइटची भाषा 'मराठी' आहे ना, हेही बघा. ती इंग्रजी राहिली असेल तर पानावर भाषेची खूण इंग्रजीची जाते आणि ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले आहेत, त्यातही हिंदी वळणाचे दिसतात. चूक नव्हे, पण एकदा लक्षात आलं की डोळ्यांत खुपत राहतं.

याच गटातली एक खोच. 'दऱ्या'चं 'दर्या' झालेलं दिसलं, 'आचाऱ्यांना'चं 'आचार्यांना' झालं, तर कुठल्या तरी प्लगइनने 'अदृश्य चिन्हं साफ' केली आहेत. हा र दोन प्रकारे साठवता येतो: एक पद्धत ऱ या स्वतंत्र चिन्हाची, दुसरी साध्या र पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालण्याची. साफसफाईत ते जोडचिन्ह उडालं की रफार उरतो आणि स्वयंपाकी थेट विद्वान होतात. ॲ चंही असंच: स्वतंत्र ॲ युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला, त्याआधी अ वर चंद्र चढवायचे. दिसायला दोन्ही एकच, पण शोध घेताना एक टाइप केलं तर दुसरं सापडत नाही. जुने लेख शोधात येत नाहीत अशी तक्रार असेल, तर आधी हे बघा.

तपासणी पाच: पान काय सांगतंय, फाइल कशी सेव्ह झाली आहे

ब्राउझरला एन्कोडिंग दोन ठिकाणांहून कळतं: सर्व्हरने पाठवलेल्या हेडरमधून आणि पानाच्या डोक्यातल्या मेटा टॅगमधून. दोन्हींत भांडण झालं तर हेडर जिंकतो. म्हणून मेटा टॅगमध्ये यूटीएफ-८ लिहिलेलं असूनही पान फुटू शकतं. ब्राउझरच्या डेव्हलपर टूलमध्ये 'नेटवर्क' उघडा, पान ताजं करा, पहिल्या ओळीवर क्लिक करून 'कंटेंट टाइप' वाचा. तिथे आयएसओ-८८५९-१ असेल, तर दोष तिथेच. फायरफॉक्सच्या 'व्ह्यू' मेन्यूत 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' असा पर्याय आहे; तो दाबून मराठी उमटलं, तर डेटाबेसला हात लावायचं काम नाही. वर्डप्रेस स्वतःच योग्य हेडर पाठवतं, त्यामुळे हा दोष हाताने बनवलेल्या पानांत जास्त सापडतो. होस्टिंगवाल्यांना "डिफॉल्ट कॅरसेट (म्हणजे अक्षरसंच) यूटीएफ-८ करा" एवढं सांगितलं तरी काम होतं.

फाइलच्या बाबतीत नोटपॅड हा जुना गुन्हेगार. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीआधी ते डिफॉल्टने यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करत नसे. आणि यूटीएफ-८ निवडलं, तर फाइलच्या तोंडाशी 'बॉम' नावाचे तीन अदृश्य बाइट चिकटवायचं. साध्या मजकुराला ते चालतात, पीएचपी फाइलला नाही. पानाच्या माथ्यावर विनाकारण रिकामी पट्टी, "हेडर आधीच पाठवले गेले" अशी एरर, आरएसएस फीड अचानक बंद: तिन्ही बॉमची लक्षणं. नोटपॅड++ मध्ये फाइल उघडा, 'एन्कोडिंग' मेन्यूत बॉमविरहित यूटीएफ-८ निवडा, सेव्ह करा. झालं.

तपासणी सहा: लांबलचक, तुटलेली लिंक

मराठी शीर्षकावरून आपोआप बनलेली लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की टक्क्याच्या चिन्हांची आगगाडी होते. तिथे देवनागरीचं एक चिन्ह नऊ रोमन चिन्हं खातं, आणि वर्डप्रेस लिंकच्या नावाला २०० चिन्हंच देतं. म्हणजे मात्रा धरून बावीस चिन्हं झाली की पुढचं कापलं जातं. लांब शीर्षकांची सुरुवात सारखी असेल, तर नुसते मागे २, ३ आकडे लागलेल्या लिंक तयार होतात. लेख प्रकाशित करण्याआधी लिंक रोमनमध्ये, छोटी, हाताने लिहा. जुन्या लेखांच्या लिंक बदलायच्या असतील तर रीडायरेक्ट लावल्याशिवाय बदलू नका.

तपासणी सात: डेटाबेस, आधी फक्त बघायचं

इथपर्यंत आलात आणि लेख अजून फुटलेलेच आहेत, तर आता पीएचपीमायॲडमिन, म्हणजे डेटाबेस उघडून बघायचं साधन. पण या तपासणीत काही बदलायचं नाही.

असं होतं कशामुळे? मायएसक्यूएल ८.० येईपर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत, त्याचं डिफॉल्ट लॅटिन-१ होतं. वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये डेटाबेसचं कॅरसेट सांगायची ओळ आली ती २००७ साली, २.२ आवृत्तीत. त्याआधी सुरू झालेल्या साइटवर मराठी मजकूर लॅटिन-१ च्या रकान्यांत गेला. टाकणाराही लॅटिन-१, काढणाराही लॅटिन-१, त्यामुळे बाइट जसे गेले तसे बाहेर आले आणि ब्राउझरने ते यूटीएफ-८ म्हणून वाचले. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं. नव्या सर्व्हरवर काढणारा यूटीएफ-८ झाला, त्याने इमानेइतबारे प्रत्येक बाइटचं भाषांतर केलं आणि झाकलेलं उघडं पडलं. नव्या होस्टिंगवर राग काढण्यात अर्थ नसतो तो यामुळे.

आता मराठी अक्षराने सुरू होणारा एक लेख निवडा आणि त्याच्या शीर्षकावर 'हेक्स' हे फंक्शन चालवा. बाइट जसेच्या तसे आकड्यांत दिसतील. सुरुवात बघा.

ई० ए४ ने सुरू होत असेल, तर बाइट शुद्ध आहेत. 'म' असेल तर ई० ए४ एई. मग टेबलाचं कोलेशन (मजकूर कोणत्या अक्षरसंचाचा समजायचा, ते सांगणारी खूण) बघा. ते लॅटिन-१ असेल तर डब्यावरची चिठ्ठी तेवढी चुकीची आहे. ते यूटीएफ८एमबी४ असेल, तर डेटाबेस निर्दोष आहे आणि कॉन्फिग फाइलमधली कॅरसेटची ओळ तपासायची.

सी३ ए० सी२ ए४ ने सुरू होत असेल, तर मजकूर दोनदा एन्कोड झालाय. तोच 'म' आता सहा बाइटचा आहे: सी३ ए० सी२ ए४ सी२ एई. सुधारता येतो.

३एफ ३एफ ३एफ असेल, तर ती खरोखरची प्रश्नचिन्हं आहेत. मजकूर गेला.

तपासणी आठ: दुरुस्ती, सोप्यापासून

जुनं होस्टिंग चालू असेल आणि तिथे मराठी नीट दिसत असेल, तर मी दुरुस्तीच्या भानगडीत पडतच नाही. जुन्या साइटच्या 'टूल्स'मधून 'एक्सपोर्ट' करा. जे पडद्यावर नीट दिसतं, तेच त्या फाइलमध्ये नीट उतरतं. नव्या साइटवर कोरं वर्डप्रेस टाकून ती फाइल 'इम्पोर्ट' करा, चित्रं उतरवून घेण्याच्या खुणेसकट. लेख, पानं, प्रतिक्रिया येतील. विजेट आणि थीमची मांडणी हाताने करावी लागेल. दोन-तीन तासांचं काम, पण धोका जवळजवळ नाही.

बाइट शुद्ध आणि चिठ्ठी चुकीची, असं असेल तर कॉन्फिग फाइलमध्ये कॅरसेट तात्पुरतं लॅटिन-१ करून बघा. जुने लेख लगेच उमटतील. स्थलांतरानंतर टाकलेले लेख मात्र आता बिघडलेले दिसतील. नवं लिहू नका म्हटलं ते याचसाठी. कायमच्या दुरुस्तीत प्रत्येक रकाना आधी बायनरी प्रकाराचा करतात (लाँगटेक्स्टचा लाँगब्लॉब) आणि मग तिथून यूटीएफ८एमबी४ करतात. मधला टप्पा का? लॅटिन-१ वरून सरळ 'कन्व्हर्ट' केलं, तर मायएसक्यूएल पुन्हा भाषांतर करतं आणि दुहेरी एन्कोडिंग होतं. बायनरीचं भाषांतर होत नाही.

दुहेरी झालेल्या मजकुराला उलट्या क्रमाने न्यायचं: लॅटिन-१ मध्ये रूपांतर, ते बायनरी समजायचं, ते यूटीएफ८एमबी४ म्हणून वाचायचं. आधी हे 'सिलेक्ट'मध्ये करून नुसतं बघा. डेटाबेसची प्रत काढून त्या प्रतीवर एका लेखावर 'अपडेट' चालवा. मग बाकीचे. आणि हे दोनदा चालवू नका! आधीच शुद्ध असलेल्या ओळीवर हा आदेश चालला, तर देवनागरी लॅटिन-१ मध्ये बसत नाही म्हणून तिथेच प्रश्नचिन्हं होतात.

फुटलेला मजकूर पानावरून कॉपी करून एखाद्या ऑनलाइन डिकोडरमध्ये टाकायचा मोह सगळ्यांना होतो. चार ओळींना तो चालतो, मग काही शब्द लंगडे येतात. कारण नेमकं आहे. हलन्ताचा तिसरा बाइट ८डी, पहिल्या उकाराचा ८१. विंडोजच्या त्या पश्चिम युरोपीय तक्त्यात या दोन्ही जागा रिकाम्या आहेत आणि कॉपी करताना अनेक प्रोग्राम ते बाइट गाळून टाकतात. ठ चा तिसरा बाइट म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. तिची साधी स्पेस झाली की ठ संपला. मायएसक्यूएलचं लॅटिन-१ मात्र त्या रिकाम्या जागाही जपतं. म्हणून हे काम डेटाबेसच्या आतच करायचं.

विंडोजवर कमांड लाइनवरून डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) काढत असाल, तर जुन्या पॉवरशेलमधल्या बाणाच्या चिन्हाने फाइल बनवू नका. ती यूटीएफ-१६ मध्ये पडते. 'रिझल्ट-फाइल' हा पर्याय वापरा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

हेक्समध्ये काही लेख शुद्ध आणि काही दुहेरी दिसले, तर थांबा. कोणत्या ओळीवर काय चालवायचं हे ओळीगणिक ठरवावं लागतं, आणि चूक झाली तर ती प्रश्नचिन्हांतच संपते.

साइटवर दुकान, वर्गणीदार किंवा पैशाचे व्यवहार असतील, तर सातव्या तपासणीपुढे स्वतः जाऊ नका.

विजेट आणि थीमची सेटिंग्ज गायब झाली असतील तरीही थांबा. ती अशा साच्यात साठवलेली असतात, की प्रत्येक शब्दाआधी त्याची लांबी बाइटमध्ये लिहिलेली असते. 'मराठी'ची लांबी १५ लिहिलेली आणि दुहेरी एन्कोडिंगने ती ३१ झालेली. आकडा जुळत नाही म्हणून वर्डप्रेस अख्खी नोंद नाकारतं. साध्या 'शोधा आणि बदला'ने हे आणखी बिघडतं.

खरी प्रश्नचिन्हं असतील आणि बॅकअप नसेल, तर "परत आणून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. मजकूर बाहेर कुठे उरलाय का ते शोधा: इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये तुमचा पत्ता टाकून बघा, ईमेलने लेख मागवणाऱ्या वाचकांना मेलबॉक्स चाळायला सांगा, होस्टिंगवाल्यांकडे त्यांचा स्वतःचा रोजचा बॅकअप आहे का ते त्याच दिवशी विचारा. तो सहसा थोडेच दिवस ठेवतात.

जाणकाराच्या हाती चार गोष्टी द्या: बॅकअप, स्थलांतराची तारीख, तपासणी दोनमधला तो कागद, आणि एका जुन्या व एका नव्या शीर्षकाचा हेक्स. त्याला प्रतीवर काम करून दाखवायला सांगा. दाखवलं, की पानं वरवर चाळू नका. साइटच्या शोधात 'पुण्यातल्या', 'कोठी', 'सह्याद्रीच्या दऱ्या' असे शब्द टाका, म्हणजे हलन्त, उकार, ठ आणि ऱ्य चारही तपासले जातील. शेवटी एका चाचणी लेखात हात जोडलेला इमोजी टाकून त्याच्यापुढे एक वाक्य लिहा, सेव्ह करा, आणि ते वाक्य उरतंय का बघा. हे सगळं जमलं तरच उरलेले पैसे द्या.